चार सिलिंडरांची खांदशेकणी

"मोटरसायकल बघून ओळखायची नसते, ऐकून ओळखायची असते!" हे वाक्य अपूर्व हरकरे चहाच्या प्रत्येक कपाबरोबर एकदा म्हणत असे, आणि चहा तो भरपूर पीत असे. मिहानमधल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. स्वतःच्या चुका शोधणारा विभाग त्या कंपनीत नसल्यामुळे त्याचं एकूण बरं चाललं होतं. रस्त्यावरून काही फटफटत गेलं की तो बोट वर करी, डोळे मिटी आणि निकाल देई, "पॅरलल ट्विन. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी. क्रँक दोनशे सत्तर अंशांचा, म्हणून आवाज लंगडा येतो." ऐकणारे माना हलवत, कारण चहा तोच पाजत असे. एकदा असाच डोळे मिटून ओळखलेला व्ही-ट्विन खाली जाऊन पाहिल्यावर रसवंतीवाल्याचं इंजिन निघालं. अपूर्व जराही ओशाळला नाही. म्हणाला, "रसवंतीचंसुद्धा कॉन्फिगरेशन चांगलं असू शकतं."

त्याची स्वतःची गाडी लाल, सहाशे सीसीची. चार सिलिंडर एका ओळीत. चौदा हजार आरपीएमपर्यंत फिरणारी. नागपुरात चौदा हजार आरपीएमला मोकळी जागा दोनच ठिकाणी मिळते: पहाटेच्या रिंग रोडवर आणि अपूर्वच्या बोलण्यात. पहाटे तो उठत नसे. त्यामुळे गाडी सदर ते मिहान या रस्त्यावर रिक्षांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये कुथत असे, आणि तिचा पंखा अपूर्वच्या मांड्यांवर गरम वारा सोडत असे. ही भाजणी तो अभिमानाने सोसी. साधी गाडी माणसाला भाजत नाही, हेही त्याने चहावाल्याला सांगून झालं होतं.

या गाडीचा जमाखर्च मांडायचा तर जमेला आवाज, रंग आणि शेजाऱ्यांची जळजळ. खर्चाला एकच रक्कम, पण मोठी: बायकोची कंबर. मागची सीट पापडाएवढी, तीही उंचावर, जणू कुणीतरी वाळत घातलेली. लग्न झाल्यावर हर्षा तिच्यावर एकदाच बसली. सदरहून जरीपटक्याच्या बाजारात ब्लाउजचं कापड घ्यायला गेली आणि उतरल्यावर सरळच होईना. तशीच वाकून दुकानात शिरली, तेव्हा दुकानदार नोकरावर ओरडला, "अबे, दादीजी को स्टूल दे!" हर्षा सत्तावीस वर्षांची होती. घरी येऊन तिने थंडपणे सांगितलं की आजपासून ती आपल्या स्कूटीवर फिरेल, आणि घरात एक तर ही गाडी राहील किंवा दोघांची बसायची सोय असलेली दुसरी. अपूर्वने इंजिनाच्या बाजूने पुष्कळ वकिली केली. शेवटी ठरलं की निकाल हर्षाच्या वडिलांनी द्यायचा. पोळ्याला सासुरवाडीचं बोलावणं होतंच. गाडी तिथे न्यायची. पोळा झाल्यावर ते ठेवा म्हणाले तर ठेवायची, विका म्हणाले तर विकायची.

अपूर्वने टाळीच वाजवली. सासरे शालिकराम चिखले बैलांची पारख करण्यात पंचक्रोशीत पहिले. सावनेरच्या बाजारात माणसं त्यांना घरून घेऊन जात. जो माणूस बैल ओळखतो तो इंजिन ओळखणारच, असा अपूर्वचा हिशेब. बैल ओळखणारा माणूस आणखीही काही ओळखत असेल, हा आकडा त्याने धरलाच नाही.

चिखल्यांचं घर कोराडी रोडच्या आतल्या बाजूला. चहूकडे प्लॉट विकणाऱ्या ले-आऊटच्या पाट्या, आणि त्यांच्या मधोमध एक गावठाण अजून शेणाचा वास टिकवून आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अपूर्व तिथे पोचला. आता अशा गाडीचं हँडल बुटकं, खाली कलतं. पाय ठेवायचे ते मागे आणि वर. म्हणजे चालवणारा पोटावर झोपल्यासारखा टाकीवर पालथा. रेसच्या मैदानावर या आसनाने वारा कापला जातो. गावठाणाच्या गल्लीत वेगळंच घडलं. पारावर म्हातारे बसले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की चिखल्यांचा शिकलेला जवाई गाडीवरूनसुद्धा कमरेत वाकून नमस्कार करत येतो आहे.

"सुखी राहा, बापू," एक म्हातारा हात उचलून म्हणाला.

"शंभर वर्सं जगा," दुसरा म्हणाला.

अपूर्व घरी पोचायच्या आत वार्ता पोचली होती की जवाई फार नम्र आहे. शालिकरामजींनी ती ऐकून घेतली आणि मिशीवरून हात फिरवला. ते बोलण्यात काटकसरी होते. हर्षा स्कूटीवरून केव्हाच येऊन पुरणाला लागली होती. अपूर्वला मानकापूरच्या सिग्नलवर गाडी थंड करत उभं राहावं लागलं होतं.

चहा झाल्यावर परीक्षा सुरू झाली. शालिकरामजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागे उभं राहून बघितलं, पुढे उभं राहून बघितलं. दातच तेवढे पाहायचे राहिले.

"हे मागून काहून उचललं आहे?" त्यांनी विचारलं.

अपूर्व याचीच वाट बघत होता. त्याने सांगितलं की स्पोर्ट गाडीचं वजन मुद्दाम पुढच्या चाकावर आणलेलं असतं, त्याने वळणावर पकड येते. शालिकरामजी म्हणाले, "समोरून दबलेला अन् मांगून उचललेला बैल उताराले मालकाले पाडते." अपूर्व हसला. अडाणी माणसाकडे हसावं तसा नव्हे, सासऱ्याकडे हसावं तसा. पण आतला माल तोच.

मग त्याने इंजिन समजावून दिलं. सासऱ्यांना कळावं म्हणून बैलांत समजावलं, आणि ही आपली कमाल आहे असं त्याला बोलतानाच वाटत राहिलं. "मामाजी, एक सिलिंडर म्हणजे एक बैल. बुलेटवाल्यांचा असतो तसा, एकटाच, धापा टाकणारा. व्ही-ट्विन म्हणजे दोन बैल, पण एकाचं तोंड काटोलकडे आणि दुसऱ्याचं उमरेडकडे. पॅरलल ट्विन म्हणजे दोन बैल खांद्याला खांदा लावून. आणि माझे हे चार! एका ओळीत, एका जुवाखाली. दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून थरथर नाही, पाणी हलत नाही."

शालिकरामजींनी लक्ष देऊन ऐकलं. गोठ्याच्या दारात हर्षा पदराला हात पुसत उभी होती. तिच्याकडे एकदा, पापडाएवढ्या सीटकडे एकदा बघून ते म्हणाले, "चार बैल आहेत तं मंग एक बाई काहून नाही वाहत?"

हर्षाला हसू आवरेना. ती आत पळाली. अपूर्व म्हणाला की ही रेसची जात आहे, ओझ्याची नाही. शालिकरामजींनी ही गोष्टही मिशीखाली ठेवून दिली आणि सांगितलं की पारख उभ्या जनावराची होत नाही, चालत्याची होते. अपूर्वने तिथल्या तिथे शब्द दिला की उद्या आपण गाडी पोळ्यातच उभी करतो. मामाजींच्या बैलांच्या मागे, ओळीत, शिस्तीत.

संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीने शेकतात. वर्षभर जू वाहून तो खांदा सोलवटलेला असतो, त्याची ही माफी. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. सासू प्रयागबाई वाटीत कोमट तूप, त्यात हळद आणि हातात पळसाची पानं घेऊन आल्या. दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी मायेने शेकले. वाटीत तूप उरलं. उरलेलं तूप परत डब्यात टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. शिवाय जवायाने आपलं जनावर उद्या पोळ्यात उभं करायचं म्हटलेलं. शेकल्याशिवाय, आवतन दिल्याशिवाय ते उभं कसं करायचं?

"बापू," त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर वझं कुठसा येते?"

प्रश्न चोख होता. अपूर्वला फार बरं वाटलं, कारण दुपारपासून पहिल्यांदाच कुणीतरी तांत्रिक बोललं होतं. तो वाकला आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या चकचकीत चकत्यांवर टिचकी मारून म्हणाला, "ब्रेक दाबला की गाडीचा सगळा भार इथे येतो. या दोन डिस्कवर. पूर्ण गाडी हेच सांभाळतात. हाच हिचा खांदा समजा, आई."

आणि तो जेवायला आत गेला. पुरणपोळीच्या आदल्या रात्रीची झुणका-भाकर त्याने मनसोक्त हाणली. बाहेर प्रयागबाई जावयाने दाखवलेल्या जागी पळसाच्या पानाने तूप-हळद चोळत होत्या. अलीकडून, पलीकडून, फटीतून बोट घालून. वाटी संपेतो. दोनदा म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आत येऊन त्यांनी हर्षाला सांगितलं की जनावर गरीब आहे, पण खांद्यावर एक घट्टा नाही, कधी कामाले जुंपलेलं दिसत नाही. हर्षा म्हणाली, "तेच म्हणून राहिली न मी, आई."

सकाळी अपूर्व उठला तर गाडी ओळखू येईना. पाठीवर बैलाची जुनी, आरशांची झूल टाकलेली. ती दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापर्यंत उतरलेली. आरशांना गोंडे, टाकीला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू. चकत्या झुलीआड गेल्या होत्या, रेडिएटरही गेला होता. आपली गाडी एकदम चित्रातल्यासारखी दिसते, एवढंच अपूर्वने पाहिलं. तिच्यावर शोभावं म्हणून त्याने सासऱ्यांचं धोतर मागून घेतलं आणि डोक्याला फेटा बांधला. धोतर नेसायला त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. ज्ञान मिळवण्याची त्याची ही एकच पद्धत होती. व्हिडिओत नेसणारा माणूस उभा होता, गाडीवर पालथा नव्हता.

पोळा हनुमान मंदिरापुढच्या मैदानात भरतो. मैदान मंदिराकडे उतरतं आणि उताराच्या तळाशी दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्या तोरणाखाली सगळे बैल जमतात. वाजवणारे वाजवतात, एकमेकांना चिमटे काढणारी गाणी, म्हणजे झडत्या, म्हणतात, आणि मग मानकऱ्याने तोरण तोडलं की पोळा फुटला. तोवर कुणी हलायचं नाही. हा मान पिढ्यान् पिढ्या रुपराव बोंद्रेंच्या घरचा. रुपराव आता शेती बटईने दुसऱ्यांना कसायला देतात, बैलसुद्धा पोळ्यापुरते भावाकडून आणतात. पण मान सोडत नाहीत. मान म्हणजे असा माल, की वापरला नाही तरी शिळा होत नाही. त्या दिवशीही सगळं गाव ओळीत उभं असताना रुपराव मैदानाच्या वरच्या टोकाला भाड्याच्या फोटोग्राफरपुढे आपला फेटा आणि भावाचे बैल दाखवत उभे होते. डावीकडून एक, उजवीकडून एक, ड्रोनमधून एक.

ओळ थांबली. थोडी सरकली. पुन्हा थांबली. शालिकरामजी पुढे आपल्या बैलांचा कासरा धरून शांत उभे. मागे अपूर्व गाडीवर पालथा; पहिल्या गिअरात, पायांनीच थोपवत आल्यामुळे ब्रेकची त्याला अजून गरज पडली नव्हती. येणारा-जाणारा प्रत्येक वयस्क माणूस त्याला वाकलेला बघून "राहू द्या, बापू, राहू द्या" म्हणत आशीर्वाद देऊन जाई. आशीर्वाद स्वीकारायला मान वर करावी तर फेटा डोळ्यांवर येई. झुलीखाली रेडिएटर गुदमरला. पंखा किंचाळायला लागला, मग तापमानाचा लाल दिवा पेटला. चार बैल एका ओळीत आतल्या आत उकडत होते.

तेवढ्यात रुपरावांच्या गोटातल्या एका पोराने झडती टाकली:

"तूप रे तूप, वाटीभर तूप,
चिखल्याच्या जवायाचं पाहा न रूप,
चार बैल पोटात, चारा खाय खूप,
वखराले जुंपा म्हटलं का बसला चूप,
एक नमन गवरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं मैदान हसलं. बैल तेवढे हसले नाहीत. अपूर्वला वाटलं, गर्जना करून उत्तर द्यावं. पण लाल दिवा लुकलुकत होता. त्याने नाइलाजाने इंजिन बंद केलं, गिअर न्यूट्रलला आणला, आणि ओळ पुढे सरकली तशी दोन्ही पायांनी जमीन ढकलत गाडी उतारावर सोडली. उतार आहे, आपोआप जाईल, असं त्याला वाटलं. ते अगदी बरोबर होतं.

गाडी चालायला लागली. पुढे शालिकरामजींचे बैल. अपूर्वने ब्रेकची मूठ दाबली. मूठ दबली, गाडी दबली नाही. त्याने आणखी जोरात दाबली. जगातला उत्तम ब्रेक, दुहेरी डिस्क, पण तूप प्यालेला! त्याच्या पकडीतून चाक पुरणपोळी घशातून उतरावी तसं गुळगुळीत उतरत गेलं. मग त्याने उजवा पाय मागच्या ब्रेककडे नेला. तो ब्रेक मागे आणि वर, आणि पायाच्या आधी तिथे धोतराचा सोगा जाऊन बसलेला. सोगा पेडलमध्ये अडकला, पाय सोग्यात अडकला. दोन्हीपैकी ब्रेक एकालाही लागला नाही.

"बाजूले व्हा," अपूर्व म्हणाला. फेट्याखालून ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आता राहिलं हँडल. बैलांच्या डावीकडून मोकळी जागा होती. साधी मोपेड तिथून वळून परत घरी गेली असती. पण अशा गाडीचं हँडल इकडे-तिकडे बोटभरच वळतं, कारण सरळ रस्त्यावर सुसाट जायला जास्त वळायची गरज नसते, असं अपूर्वनेच कालच सांगितलं होतं. हँडल बोटभर वळलं. तेवढ्याने शालिकरामजींचे बैल वाचले. पुढे काय आहे ते बघायची सोय नव्हती. चालत्या माणसाच्या वेगाने, घाई न करता, लाल गाडी झूल हलवत, गोंडे डोलवत सगळ्या ओळीच्या शेजारून निघाली. लोक कौतुकाने वाट देत होते. त्यांना वाटलं, जवाई देवाला जातो आहे.

गाडी तोरणाच्या बांबूला लागली. बांबू हळूच कलला. तोरण सैल झालं, मधोमध तुटलं आणि आंब्याची पानं अपूर्वच्या गळ्यात पडली. तिथे गाडी थांबली. अपूर्व वाकलेला, गळ्यात तोरण, समोर हनुमान.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग डफवाल्याला सवयीने कळलं. तोरण तुटलं म्हणजे पोळा फुटला. त्याने धडाधड वाजवायला सुरुवात केली. पोरांनी सवयीने धावून तोरणाची पानं ओरबाडली, त्यात अपूर्वचा फेटाही ओरबाडला. आणि बैल, जे माणसांपेक्षा नियम जास्त पाळतात, ते सवयीने घराकडे वळले. त्यांना दारी पुरणपोळी दिसत होती. बघता बघता मैदान रिकामं झालं. रुपराव फोटो आटोपून उतारावरून खाली आले तेव्हा मानाचं तोरण चार-दोन पानांपुरतं उरलं होतं, तेही जवायाच्या कानामागे.

पुढची थोडी मिनिटं रुपराव काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, पिढ्यांचा मान बुडाला, आणि तो बुडवणाऱ्याला दाखवतो, असा मजकूर. माणसं काठ्यांसकट परत जमली. गर्दीत पारावरचा एक म्हातारा होता. कालच त्याने अपूर्वला सुखी राहा म्हटलं होतं. आज त्याने खाकरून रीत काढली: जुनं बोलणं असं आहे, की ज्याच्या जनावरानं तोरण तोडलं, मान त्याच्या घरी.

 माना शालिकरामजींकडे वळल्या. काही न करता गावाचा मान चिखल्यांच्या दारात येऊन उभा होता, झूल पांघरून. रुपरावांचा चेहरा उतरला. प्रयागबाईंनी पदर डोक्यावर घेतला, तो घाबरून की मानाने, सांगता येत नाही. शालिकरामजींनी मिशीवरून एकदा हात फिरवला. खरं तर माणूस मोहात पडावा असाच क्षण होता. पण त्यांनी मनात दुसरी बाजूही लिहिली असावी: उद्यापासून बोंद्रेंच्या शेताची वाट बंद, विहिरीचं पाणी बंद, पुढच्या पोळ्याला डोकी फुटणार. ते सावकाश अपूर्वकडे वळले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "जनावरानं तोडलं तं मान आपला. खेळण्यानं तोडलं तं तोडलं असं धरत नाहीत. तुम्ही शिकलेले आहा, गाडी तुमची. सांगा, हे जनावर आहे का खेळणं?"

अपूर्वने तोंड उघडलं. चौदा हजार आरपीएम जिभेवर आले. इनलाइन-फोर, स्लिपर क्लच, उलटे फोर्क. ही गाडी खेळणं? त्याने रुपरावांच्या माणसांच्या काठ्यांकडे पाहिलं. मग हर्षाकडे पाहिलं.  ती कमरेवर हात ठेवून उभी होती, नेमका जरीपटक्याला जिथे ठेवला होता तिथेच.

"खेळणं," अपूर्व म्हणाला.

"जोरानं बोला, बापू. मांगच्यांले आयकू नाही आलं."

"खेळणं आहे!"

रुपरावांचा जीव भांड्यात पडला. नवं तोरण आणलं, बैलांना घराघरांतून अर्ध्या जेवणावरून उठवून परत आणलं, आणि त्या दिवशी त्या गावात पोळा दोनदा फुटला. दुसऱ्यांदा तो फोटोसकट फुटला. पण रुपराव माणूस पक्का. त्यांना कच्ची पावती चालत नाही. खेळणं म्हटलं ना, मग उद्या तान्ह्या पोळ्यात ते खेळण्यांतच उभं राहील, गावानं पाहिलं पाहिजे, असं त्यांनी सगळ्यांपुढे कबूल करून घेतलं.

घरी आल्यावर ब्रेकचा शोध लागला. झूल उचलली तर दोन्ही डिस्क हळदीने पिवळ्या, आणि पॅडमधून तूप ठिबकतंय. अपूर्वचा आवाज चढला. प्रयागबाई घाबरल्या नाहीत, उलट त्यांना वाईट वाटलं. "तुम्हीच तं खांदा दाखवला, बापू," त्या म्हणाल्या. "चांगलं घरचं लोणी कढवलं होतं. वाटीभर लावलं, काही कसर नाही केली." अपूर्व ताटावर जाऊन बसला. त्याने पुरणपोळी खाल्ली. ती फार चांगली झाली होती, हे त्याला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून दोरीने ओढत आणतात. एका रांगेत वितभर, हातभर, कमरेइतके लाकडी बैल उभे होते. त्या रांगेच्या शेवटी लाल गाडी. ब्रेकचा भरवसा नाही म्हणून इंजिन लावायचं नाही, असं गावाने बजावलेलं. तेव्हा पुढच्या फोर्कला दोरी बांधून, पुन्हा धोतर-फेटा चढवलेला अपूर्व तिला ओढत होता. मागून हर्षा स्कूटीवरून पायाने हलकेच ढकलत होती. आजूबाजूची मुलं त्याच्याकडे ज्या सहानुभूतीने बघत होती, ती त्याला चौदा हजार आरपीएमला कधी मिळाली नव्हती.

परीक्षक म्हणून नव्या ले-आऊटमधल्या दातांच्या डॉक्टर भैरवी मॅडमना बोलावलं होतं. कालची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी गाडीची झूल, गोंडे, झेंडूचे हार मनापासून पाहिले. सगळं प्रयागबाईंचं काम होतं. पहिली तीन बक्षिसं लाकडी बैलांना गेली, ते योग्यच होतं. मग मॅडम माईकवर म्हणाल्या की कल्पक सजावटीचं उत्तेजनार्थ बक्षीस या मोटरसायकल-बैलाला, आणि कागद काढून विचारलं, "बाळाचं नाव?"

अपूर्व जमिनीकडे बघत राहिला.

"अपूर्व," हर्षा म्हणाली.

"वय?"

हर्षाने नवऱ्याला फेट्यापासून सोग्यापर्यंत न्याहाळलं. "आठ लिहा," ती म्हणाली. "समज तेवढीच आहे."

बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली. निळी, वर हत्ती, गळ्यात अडकवायची पट्टी. ती भैरवी मॅडमनी स्वतः त्याच्या गळ्यात घातली. घालताना त्याला वाकावं लागलं, आणि पारावरून आवाज आला, "पाहा, केवढं नमते पोरगं."

आता मूळ निकाल राहिला होता. गोठ्यापुढे खाटेवर शालिकरामजी बसले. अपूर्वने धीर करून विचारलं, "मामाजी, मग विकून टाकू?" त्याचा आवाज बाटलीएवढा बारीक झाला होता. हर्षाही काम सोडून दारात आली.

शालिकरामजींनी मिशीवरून हात फिरवला. "लाकडाचा बैल कोणी विकते का, बापू?" ते म्हणाले. "तान्हा पोळा झाला का पुसून माळ्यावर ठेवतात. पुढच्या वर्साले काढतात. राहू द्या इथंच, गोठ्यात, पोत्याखाली. आमचे बैल तिले त्रास नाही देणार." मग म्हणाले, "लेकीले न्यायले तिची गाडी आहेच. तुम्ही मांगं बसा."

म्हणजे गाडी राहिली. ती राहण्यासाठीच अपूर्व तिथे गेला होता, आणि जिंकला होता. फक्त ती सासऱ्यांच्या गोठ्यात राहिली, हे त्याने चहाच्या टपरीवर कसं सांगायचं, एवढंच ठरायचं होतं.

संध्याकाळी तो हर्षाच्या स्कूटीवर मागे बसून नागपूरला निघाला. पाठ सरळ, पाय नीट टेकलेले, गळ्यात निळी बाटली. सीट रुंद होती आणि कुठेच भाजत नव्हतं. हे त्याने हर्षाला सांगितलं नाही. मानकापूरच्या सिग्नलवर शेजारी एक स्पोर्ट गाडी येऊन थांबली. हिरवी, कानठळ्या बसवणारी. वर एक तरणा पोरगा टाकीवर पालथा. अपूर्वचं बोट सवयीने वर गेलं, डोळे मिटले गेले.

"इनलाइन-फोर," तो पुटपुटला.

"काय म्हटलं?" हर्षाने पुढून विचारलं.

त्याने डोळे उघडले. पोरगा त्याच्याकडे मान वाकवून बघत होता. अगदी नम्र दिसत होता. अपूर्वचं वर गेलेलं बोट आपोआप उघडलं, त्याचा पंजा झाला.

"सुखी राहा, बेटा," तो म्हणाला.